पितळेचा नाद

एखादें वाद्य गोड वाजलें म्हणजे त्या गोडव्याचें श्रेय कोणास द्यावयाचें, हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात. वाद्याचें मोल त्यावर ठरतें, कारागिराची मजुरी त्यावर ठरते आणि वाजविणाऱ्याचा मान किंवा उपेक्षाही त्यावरच ठरते. आपल्याकडे या प्रश्नाचा निकाल बहुधा वस्तूच्या बाजूनें लागत आला आहे. घंटा पंचधातूची म्हणून तिचा नाद चांगला, शिंग जुन्या तांब्याचें म्हणून त्याची ललकारी दूर जाते, अमक्या पितळेस आवाज आहे आणि तमक्या पितळेस तो नाहीं, अशीं विधानें आपण सहज करतों व सहज ऐकून घेतों. त्यांची छाननी करण्याची पाळी क्वचितच येते.

ती पाळी अलीकडे एका चमत्कारिक मार्गानें आली आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत पितळी वाद्यांवर अतिशीत संस्कार करून देण्याचा एक धंदा निघाला. ट्रंपेट, ट्रॉम्बोन, हॉर्न अशीं वाद्यें एका बंद पेटींत ठेवावयाचीं, द्रवरूप नायट्रोजनच्या साह्यानें त्यांची उष्णता हळूहळू काढून घेत शून्याखालीं सुमारें १९६ अंशांपर्यंत तीं नेऊन पोंचवावयाचीं, कित्येक तास त्या थंडींत राहूं द्यावयाचीं आणि मग तितक्याच सावकाशीनें पुनः नेहमींच्या हवेवर आणावयाचीं, असा हा विधि आहे. त्यानें धातूच्या पोटांतील ताण निघून जातो, वाद्य हलक्या फुंकेनें बोलूं लागतें, स्वर मोकळा व भरदार होतो, असें हा धंदा करणारे सांगतात. आणि ज्यांच्या प्रामाणिकपणाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं असे कित्येक वादकही आपणांस तसा अनुभव आल्याचें सांगतात.

ही गोष्ट दूरदेशींची म्हणून सोडून देण्याजोगी नाहीं. ठाणें शहराच्या उत्तर अंगास, उल्हास नदीच्या खाडीला लागून बाळकुम गांव आहे. भिवंडीकडे जाणारा जुना आग्रा रस्ता येथूनच कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडतो. बाळकुम, ढोकाळी, कोलशेत या जुन्या गांवांतून लग्नसराई आली म्हणजे वरातीपुढें पितळी बँड वाजतो; आणि याच गांवांच्या भोंवतीं गेल्या साठ-सत्तर वर्षांत कारखान्यांची दाटी झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, त्याची पहिली वसाहत ठाण्यासच वागळे इस्टेट या नांवानें प्रसिद्धीस आली, आणि पोलाद तापविणें, विझविणें, त्यास पाणी देणें या क्रिया इकडील कामगारांच्या नित्य परिचयाच्या झाल्या. एकाच पंचक्रोशींत एकीकडे पितळ वाजते व दुसरीकडे धातूंवर संस्कार होतात. तेव्हां थंडीनें पितळेचा स्वर सुधारतो काय, हा प्रश्न येथें विचारणें अगदींच अप्रस्तुत ठरूं नये. शिवाय या प्रश्नाचें निम्में उत्तर या खाडीच्या इतिहासांतच पडलेलें आहे.

तो इतिहास वसईच्या मोहिमेचा. पोर्तुगीजांनीं १७३० च्या सुमारास ठाण्यास किल्ला बांधावयास घेतला. तो पुरा होण्यापूर्वींच, १७३७ च्या मार्चांत, मराठ्यांनीं ठाणें घेतलें. पुढें दोन वर्षें झुंज चालून १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई काबीज केली. या विजयाच्या खुणा म्हणून तेथील चर्चांच्या घंटा महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं नेण्यांत आल्या आणि देवळांतून टांगल्या गेल्या. नाशकास गोदेच्या कांठीं नारोशंकराच्या देवळावर जी मोठी घंटा आहे, तिच्यावर १७२१ हें ख्रिस्ती सन कोरलेलें आहे. भीमाशंकरास व कृष्णाकांठीं मेणवलीच्या घाटावर ज्या घंटा दाखवितात, त्याही वसईच्याच म्हणून प्रसिद्ध आहेत.

या घंटांची हकीकत राजकीय इतिहासांत विजयचिन्ह म्हणून सांगितली जाते, तें योग्यच आहे. परंतु नादाच्या दृष्टीनें पाहिलें तर तिच्यांत आणखी एक मर्म आहे. या घंटा ज्या भाषेंतील प्रार्थनेसाठीं ओतल्या गेल्या ती भाषा मागें राहिली, ज्या मनोऱ्यांत त्या टांगल्या होत्या ते मनोरे ओस पडले, त्यांना वाजविणारे हात बदलले. परंतु त्यांचा नाद तोच राहिला. भाविकानें दोरी ओढावी अथवा पोरानें गंमत म्हणून लोळी हालवावी, घंटा आपल्या एकाच स्वरांत बोलते. याचें कारण असें कीं, घंटेंत जें कांपतें तें स्वतः धातूच होय. घंटेचें कांसें हें तांब्याच्या चार भागांस कथलाचा एक भाग, अशा सुमाराच्या मिश्रणाचें असतें. तें कठीण असतें, ठिसूळही असतें, आणि एकदां हालूं लागलें कीं ती हालचाल पुष्कळ वेळ पोटांत बाळगून ठेवतें. घंटेचा कांठ किती जाड, तिचा घेर किती, मिश्रण कसें उतरलें, ओतीव थंड होतांना पोटांत पोकळी राहिली काय, या सर्व गोष्टींचा परिणाम तिच्या नादावर होतो. तिला केसाएवढी चीर गेली तरी तिचा नाद बद्द होतो. घंटेच्या बाबतींत धातूस श्रेय देणारा मनुष्य चुकत नाहीं.

आतां याच मोहिमेंतील दुसऱ्या वाद्यांकडे वळूं. मराठी फौजेबरोबर नगारे असत, तशींच शिंगें, तुताऱ्या व कर्णेही असत. तुतारीची वांकडी कमान आणि कर्ण्याची सरळ लांब नळी आजही देवस्थानांच्या उत्सवांत व शिवजयंतीच्या मिरवणुकींत दिसते. हीं वाद्यें तांब्याचीं किंवा पितळेचीं असतात. म्हणून घंटेस लागू पडणारा न्याय त्यांसही लागू पडेल, असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु ‘शिंग’ हा शब्दच आपणांस थांबवितो. शिंग हें मुळांत जनावराचें शिंग होतें. धातूचें शिंग मागाहून आलें आणि नांव मात्र जुनेंच राहिलें. त्याहीपूर्वीचा शंख घ्या. शंख चुनखडीच्या जातीचा, जनावराचें शिंग नखाच्या जातीचें, तुतारी तांब्यापितळेची. द्रव्यें तीन, आणि तिघांचीही फुंकण्याची रीत एकच. युरोपांत तर ‘सर्पेंट’ नांवाचें एक नागमोडी वाद्य होतें, तें लांकडाचें करून वरून कातड्यानें मढवीत. आणि आल्प्स पर्वतांतील गुराख्यांचें लांबलचक शिंगही लांकडाचेंच असतें. वाद्यशास्त्रज्ञ या सर्वांची गणना ट्रंपेटच्याच कुळांत करतात. कुळ ठरतें तें पितळेवरून नव्हे.

तें कशावरून ठरतें, हें आपल्या पूर्वजांनीं फार पूर्वीं सांगून ठेविलें आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांत वाद्यांचे चार वर्ग केले आहेत: तत, अवनद्ध, घन आणि सुषिर. तारेचीं तीं तत, कातड्यानें मढविलेलीं तीं अवनद्ध, टाळ-घंटेसारखीं भरीव तीं घन, आणि फुंकून वाजवावयाचीं तीं सुषिर. ‘सुषिर’ म्हणजे पोकळ, छिद्रयुक्त. घंटा आणि कर्णा दोन्ही धातूचीं असूनही ह्या वर्गीकरणानें तीं एकत्र बसविलीं नाहींत. घंटेचें नांव तिच्या भरीवपणावरून दिलें आणि शंखाचें त्याच्या पोकळीवरून. जेथें नाद उत्पन्न होतो तेथें बोट ठेवून हें नांव दिलें आहे. पुढच्या सर्व विवेचनाचें बीज या दोन शब्दांत आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

सुषिर वाद्यांत नाद कसा उत्पन्न होतो तें थोडक्यांत पाहूं. वादक ओठ आवळून फुंकतो, तेव्हां ओठच कंप पावतात. त्या कंपानें नळींतील हवेचा स्तंभ हालूं लागतो. ती लाट नळीच्या पसरट मुखापर्यंत जाते. तिचा कांहीं अंश बाहेर पडून आपल्या कानीं येतो आणि बराचसा अंश परत फिरून ओठांवर येऊन आदळतो. परत आलेली लाट व ओठांचा कंप यांचा मेळ बसला म्हणजे स्वर स्थिर होतो. नळीची लांबी, तिच्या पोकळीचा आकार, ती कोठें निमुळती व कोठें रुंद होते, मुखाचा पसर किती, फुंकणीचा पेला किती खोल, यांवर कोणते स्वर निघतील व ते किती उजळ असतील हें ठरतें. पितळेचें काम मुख्यत्वें या हवेभोंवतीं भक्कम भिंत उभारण्याचें. नदीचा ओघ कांठांच्या वळणानें ठरतो. कांठ काळ्या दगडाचा कीं तांबड्या, हें पाणी फारसें पाहत नाहीं.

एकाच लांबीच्या नळींतून कांहीं ठराविक स्वरच निघतात. म्हणूनच तुतारीवर ललकारी देतां येते, गाणें वाजवितां येत नाहीं. ही अडचण युरोपांत १८१८ च्या सुमारास दूर झाली. श्टोल्त्सेल व ब्ल्युमेल या दोघां जर्मन वादकांनीं पडद्याची म्हणजे दट्ट्याची युक्ति काढली. दट्ट्या दाबला कीं नळीस एक जास्तीचा वेढा जोडला जातो व तिची लांबी बदलते. पुढें १८४० नंतरच्या दशकांत अदोल्फ साक्स यानें लहानापासून मोठ्यापर्यंत एका घाटाचीं पितळी वाद्यें तयार केलीं, आणि पलटणीचा बँड आज ज्या रूपांत आपण ओळखतों त्या रूपास आला. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, या सर्व क्रांतींत पितळ होती तीच राहिली. बदलली ती पोकळी.

इंग्रजी पलटणींबरोबर हा बँड हिंदुस्थानांत आला. संस्थानिकांनीं त्याचें अनुकरण केलें. बडोद्यासारख्या दरबारीं देशी गवयांच्या बरोबरीनें पाश्चात्य बँडही पदरीं असे. पलटणींतून सुटलेले वादक गांवोगांवीं पसरले. मीरत येथें १८८५ सालीं नादिर अली यांची पेढी निघाली. तेथें पुढें वाद्यें घडूं लागलीं, आणि देशांतील लग्नाच्या बँडांस पितळ पुरविणारें तें मुख्य गांव होऊन बसलें. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. त्याच्या मिरवणुकींनीं महाराष्ट्रांतील बँडास पुढें मोठाच आश्रय दिला. पुण्याच्या विसर्जनाच्या मिरवणुकींत ‘प्रभात’ व ‘दरबार’ या बँडांचीं नांवें कित्येक पिढ्यांच्या ओळखीचीं आहेत. दुसरा प्रवाह गोव्याकडून आला. तेथें चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांस स्वरलेखन व वाद्यवादन शिकवीत. त्या शिक्षणावर तयार झालेले गोमंतकीय वादक मुंबईच्या हॉटेलांत, नाचघरांत व पुढें चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, ज्यास लोक ‘चिक् चॉकलेट’ या नांवानें ओळखीत, त्याच्या ट्रंपेटचा आणि पुणतांब्यास जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांच्या चालींचा मिलाफ १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत झाला, आणि ते पितळी स्वर घरोघर पोंचले. वरातीचा बँड व चित्रपटाचा वाद्यवृंद या दोहोंमध्यें वाद्यें बहुतेक एकाच जातीचीं होतीं. श्रवणांत जें अंतर पडलें तें शिक्षणाचें, सरावाचें आणि ओठांचें.

हा सर्व इतिहास पाहिल्यावर कोणी म्हणेल, पोकळी मुख्य हें खरें. पण भिंत कांहींच करीत नाहीं, असें तरी कोठें सिद्ध झालें आहे? हा आक्षेप वाजवी आहे, आणि त्याचें उत्तर तर्कानें देऊन भागणार नाहीं. मोजमापानेंच दिलें पाहिजे. सुदैवानें तसें मोजमाप झालें आहे. १९७१ सालीं जॉन कोल्टमन या अमेरिकन शास्त्रज्ञानें रुपें, तांबें व लांकूड अशा तीन द्रव्यांच्या, परंतु आंतून सारख्याच, तीन बासऱ्या करविल्या व त्या ऐकणारांस न दिसतील अशा रीतीनें वाजविल्या. ऐकणारांस त्या ओळखतां आल्या नाहींत. १९८६ मध्यें रिचर्ड स्मिथ या इंग्रज वाद्यकारानें ट्रॉम्बोनच्या मुखाच्या पत्र्याची जाडी कमीजास्त करून कसलेल्या वादकांची परीक्षा घेतली. कोणता पत्रा जाड व कोणता पातळ हें त्यांना केवळ वाजवून सांगतां आलें नाहीं. उलट बाजूचा पुरावाही दिला पाहिजे. २००५ सालीं टॉमस मूर व त्यांचे सहकारी यांनीं ट्रंपेटच्या मुखाचा कंप दाबून धरला, तेव्हां स्वराच्या घटकांत मोजतां येण्याजोगा फरक पडलेला त्यांस आढळला. म्हणजे भिंत अगदींच मुकी नसते. ती थोडेंसें कुजबुजते. परंतु हा फरक मुख दाबून टाकलें असतां पडणारा आहे. दाबलेलें मुख आणि मोकळें मुख यांत जेवढें अंतर, त्या मानानें गोठवून पुनः पूर्ववत् केलेली पितळ व न गोठविलेली पितळ यांतील अंतर किती असावें, याचा अंदाज वाचकांनींच करावा.

तो अंदाज प्रत्यक्षही तपासला गेला आहे. २००३ सालीं अमेरिकेंतील टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं एकाच बनावटीचीं दहा ट्रंपेटें घेतलीं, त्यांपैकीं निम्म्यांवर हा अतिशीत संस्कार करविला, आणि निरनिराळ्या वादकांकडून तीं वाजवून घेऊन त्यांचा ध्वनि मोजला. गोठविलेलीं व न गोठविलेलीं यांत जो फरक आढळला, त्याहून एका वादकांत व दुसऱ्या वादकांत असलेला फरक मोठा होता. वाद्य तेंच ठेवून माणूस बदलला तर स्वर अधिक बदलतो. माणूस तोच ठेवून वाद्य गोठविलें तर तितका बदलत नाहीं.

असें कां व्हावें, हें धातुशास्त्रही सांगतें. अतिशीत संस्कार ही कल्पना निराधार नाहीं. ती पोलादाच्या कारखान्यांतून आलेली आहे. पोलाद तापवून विझविलें म्हणजे त्याच्या कणांची रचना बदलून तें कठीण होतें. पण कांहीं भाग मऊ रचनेचाच मागें राहतो. अधिक थंडी दिली कीं हा उरलेला भागही कठीण रचनेंत जातो, आणि हत्यारें व दांतेरी चाकें अधिक टिकतात. ही क्रिया खरी आहे व उपयुक्तही आहे. परंतु वाद्याची पितळ म्हणजे साधारणतः सत्तर भाग तांबें व तीस भाग जस्त. या मिश्रणांत तसा मागें राहिलेला मऊ भाग नसतो, आणि शून्याखालीं १९६ अंशांपर्यंत नेलें तरी त्याच्या कणांची मांडणी बदलत नाहीं. ट्रंपेटची सुमारें दीड मीटर लांबीची नळी त्या थंडींत पांचएक मिलिमीटर आंखडते आणि उबेस आली कीं पुनः पूर्वीइतकी होते. पोलादाचें औषध पितळेस देण्याचा हा प्रकार आहे. औषध खरें, रोगी दुसरा.

पितळेच्या पोटांत ताण सांठतो, हें मात्र अगदीं खरें आहे, आणि त्याची साक्ष हिंदुस्थानच्याच पावसाळ्यानें दिली आहे. इंग्रजी लष्कराच्या काडतुसांच्या पितळी नळ्या पावसाळ्यांत सांठवून ठेविल्या असतां आपोआप तडकत. कोणी हात न लावतां धडधाकट दिसणारी पितळ ऋतूच्या फेऱ्यानें फुटते, म्हणून या रोगास इंग्रजींत ऋतूवरूनच नांव पडलें. त्याचा उलगडा १९२१ सालीं प्रसिद्ध झाला: पत्रा ओढून नळी करतांना धातूंत जो ताण उरतो, त्यास दमट हवा व घोड्यांच्या पागेंतून येणारी अमोनियाची वाफ यांची जोड मिळाली कीं चीर जाते. यावर उपाय सांपडला तो थंडीचा नव्हे, उष्णतेचा. पितळ सुमारें अडीचशें ते तीनशें अंशांपर्यंत तापवून सावकाश निवूं दिली कीं ताण सैल पडतो आणि कठीणपणाही फारसा जात नाहीं. आपल्या तांबटांना व कासारांना हा पाठ ग्रंथाविना ठाऊक होता. पत्रा ठोकतां ठोकतां ताठर झाला कीं ते त्यास पुनः भट्टींत घालतात, मऊ करून घेतात आणि मग पुढचे ठोके देतात. न तापवितां नेटानें ठोकीत राहिलें तर भांडें कांठाशीं फाटतें, हें तांबटाच्या पोरासही समजतें.

थंडीचा पितळी वाद्यांशीं अगदींच संबंध नाहीं असें मात्र समजूं नये. दोन ठिकाणीं तो संबंध खरोखर आहे, आणि दोन्ही ठिकाणीं तो पोकळीशींच आहे. पहिला कारखान्यांत. नळी वांकवितांना ती आंतून चेपूं नये म्हणून तिच्यांत पूर्वीं राळ अथवा शिसें ओतीत; अलीकडे कांहीं कारखान्यांत साबणाचें पाणी भरून तें गोठवितात आणि बर्फासकट नळी वांकवितात. बर्फ भिंतीस आधार देतो, पोकळी गोल राहते. काम झालें कीं तो वितळून वाहून जातो. दुसरा संबंध मैदानांत. हवा तापली कीं ध्वनीची गति वाढते. शून्य अंशावर ती सेकंदास सुमारें ३३१ मीटर असते, तीस अंशांवर सुमारें ३४९. नळींतील हवा पंधरा अंशांवरून तीसवर गेली तर स्वर जवळजवळ अर्ध्या अर्धस्वरानें चढतो. हिवाळ्यांतील पहाटेच्या वरातींत बँड आरंभीं उतरलेला लागतो आणि वादकांच्या श्वासानें नळ्या उबल्यावर हळूहळू सुरांत येतो, त्याचें कारण हें. उष्णमानाचा परिणाम स्वरावर होतो, परंतु तो वाजवितांना नळींत असलेल्या हवेच्या उष्णमानाचा. मागें केव्हां तरी पेटींत भोगलेल्या थंडीचा नव्हे.

मग ज्यांना फरक जाणवतो ते वादक काय खोटें बोलतात? मुळींच नाहीं. वाद्य संस्कारास पाठविण्यापूर्वीं तें उघडून धुतलें, पुसलें व तेल घालून परत जोडलें गेलें असेल, तर तेवढ्यानेंच तें हलकें वाजूं लागतें. दट्ट्यांत सांचलेला मळ, फटींतून निसटणारा वारा, नळीस पडलेला पोंचा, निसटूं पाहणारी झाळ, हे स्वराचे खरे शत्रु आहेत. आणि ते सर्व पोकळीचेच शत्रु आहेत. त्याखेरीज मनाचाही भाग आहेच. ज्या वाद्यावर पैसा व आशा खर्चिली तें वाद्य मनुष्य अधिक विश्वासानें ओठांस लावतो. विश्वासानें छाती मोकळी होते, आणि मोकळ्या छातींतून निघालेला स्वर खरोखरच मोकळा असतो. सुधारणा झाली हें त्याचें म्हणणें खरें असूं शकेल. ती कोणाची झाली एवढेंच तो चुकीचें सांगतो.

आणि येथेंच हा प्रश्न केवळ पदार्थविज्ञानाचा राहत नाहीं. आपल्या समाजांत फुंकून वाजवावयाचीं वाद्यें आणि तीं वाजविणारे यांच्या वांट्यास दोन अगदीं निरनिराळे न्याय आले. शंख, शिंग, सनई हीं मंगल मानलीं; त्यांवांचून लग्न लागत नसे, पालखी हालत नसे. परंतु ज्या होलार, मातंग वगैरे जातींच्या लोकांनीं पिढ्यान् पिढ्या तीं फुंकलीं, त्यांस कित्येक ठिकाणीं मांडवाच्या बाहेरच बसावें लागे. वाद्य शुभ आणि श्वास अस्पृश्य, अशी ही फारकत होती. तिला शास्त्राचा आधार नव्हता. नाद वस्तूंत असतो, माणसांत नसतो, या समजुतीचा मात्र तिला नकळत आधार मिळत गेला. पुढें बँडवाल्यांनाही पुष्कळ अंशीं तोच न्याय मिळाला. गोंड्यांचा झगझगीत पोशाख अंगावर चढवून ते ज्या वरातीपुढें वाजवीत चालतात, त्या वरातींतील किती जणांस त्यांपैकीं एकाचें तरी नांव ठाऊक असतें? बँडाचें नांव फलकावर असतें, ट्रंपेट ओठांस लावणाऱ्याचें कोठेंच नसतें. असें असतां, त्याच्या उत्तम स्वराचें उरलेंसुरलें श्रेयही काढून नायट्रोजनच्या पेटीस देणें, हा त्या श्वासावर आणखी एक अन्याय होईल.

त्यांत व्यवहाराचीही बाजू आहे. बँडवाल्याची कमाई लग्नसराईच्या चार महिन्यांची. आषाढ-श्रावणांत पितळ खुंटीवर टांगलेली असते. अशा मनुष्यास वाद्यावर खर्च करावयास जें कांहीं थोडें उरतें, तें पोंचे काढण्यांत, दट्ट्ये नीट बसविण्यांत, चांगली फुंकणी घेण्यांत आणि शक्य तर स्वरलेखन शिकण्यांत गेलें तर त्याचें फळ कानांस ऐकूं येईल. पोलादाच्या कारखान्यास अतिशीत पेटी जरूर असावी. तेथें ती आपलें अन्न मिळवते. बँडवाल्याच्या घामाच्या पैशावर तिनें हक्क सांगूं नये.

नारोशंकराच्या देवळावरची घंटा जवळजवळ तीन शतकें आपला एकच स्वर सांगत आली आहे, आणि तो सर्वस्वी तिचा आहे. ओतारी मेला, वाजविणारे बदलले, तरी तो तिच्या कांशांत आहे. तुतारीचें तसें नाहीं. खुंटीवरची तुतारी कितीही जुन्या तांब्याची असो, ती मुकी असते. तिला वाचा येते ती कोणी तरी ओठ आवळून छातींतला वारा तिच्यांत घालतो तेवढ्यापुरती, आणि श्वास संपला कीं तिचा स्वरही संपतो. घंटेची प्रशंसा करतांना धातूची करावी. तुतारीची करावयाची झाली तर आधीं पोकळी घडविणाऱ्या हातांची आणि मग ती भरणाऱ्या छातीची करावी. पितळेचा नाद म्हणून ज्याचें आपण कौतुक करतों, तो बहुतांशीं माणसाचाच असतो.